लेबर रूममधला पहिला तास

चि. सायली,



तुझी ड्यूटी लेबर रूमला लागल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पार्टोग्राफ भरणं, ट्रे लावणं, वार पूर्ण पडली का ते तपासणं हे सगळं तुला लवकरच अंगवळणी पडेल. ते शिकवायला तिथे सिस्टर आहेत. मी लिहितेय ते कामाच्या घाईत मागे पडणाऱ्या एका गोष्टीबद्दल. कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवर कुणाचा हात असतो आणि जन्मलेल्या बाळाला पहिल्या तासात कुणाचा हात लागतो, त्याबद्दल. हे दोन प्रश्न मी कधीच वेगळे मानले नाहीत.

1980 साली ग्वाटेमालामधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ त्यात होते. त्यांनी काही पहिलटकरणींजवळ एक अनोळखी बाई बसवली. तिने फक्त पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं आणि उठून जायचं नाही. ज्यांचं बाळंतपण अडचणीशिवाय पार पडलं, त्यांत एकट्या राहिलेल्या बायकांना दाखल झाल्यापासून सरासरी 19.3 तास लागले. सोबत मिळालेल्यांना 8.7. हा आकडा मोठाच आहे. पण मला त्याच अभ्यासातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. सोबत मिळालेल्या बायका बाळंतपणानंतर आपल्या बाळांना जास्त कुरवाळत होत्या, त्यांच्याशी जास्त बोलत होत्या. जिला कुणी हात दिला, तिचा हात बाळाकडे लवकर गेला.

म्हणून सोबतिणीला दाराबाहेर बसवू नकोस. केंद्र सरकारने 2016 सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे, आणि 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आलं आहे. आई असो, सासू असो, बहीण असो. कोण हवं ते त्या बाईलाच विचार, कारण प्रत्येकीला सासूचा हात नको असतो. आणि आत आलेल्या बाईला काम दे. नुसती उभी राहिली तर ती घाबरते आणि घाबरवते. माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर कळ असेपर्यंत तळहाताने घट्ट दाबून धरायचं, कळ ओसरली की हात सैल सोडायचा, एवढं तिला एकदा करून दाखव.

तिथे तुला मांडीवर चापट मारणारं, नको ते टोमणे मारणारं कुणी दिसेल. गर्दी असते, माणसं कमी असतात, सलग रात्रपाळ्या होतात, हे सगळं खरं आहे. तरी त्याला माफी नाही. तुझा हात त्या बाईवर कधी उगारला जाऊ नये, आणि तुझ्यासमोर दुसऱ्याचा उगारला गेला तर तू मध्ये पड.

आता बाळाचं. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळतं ते 41.8 टक्के बाळांना. हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे आहेत. बाई आपल्या दारापर्यंत येते आणि त्यानंतरच्या तासात आपणच बाळ तिच्यापासून लांब नेतो: वजनाला, वॉर्मरवर, कपडे घालायला, बाहेरच्या नातेवाइकांना दाखवायला. बाळ रडलं, श्वास नीट आहे, की कोरडं पुसून सरळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेव. डोक्याला टोपी, पाठीवर सुकं दुपटं. गाऊन किंवा ब्लाउज पुढून मोकळा आहे ना, ते आधीच बघून ठेव, ऐनवेळी हुकांशी झटापट होते. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापता येते, ते काम बाळ तिथे असतानाच होतं. वार पडणंही तिथेच, टाकेही तिथेच. वजन आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन तासाभराने केलंस तरी बिघडत नाही. आंघोळ निदान चोवीस तास नको. बाळ अंगावर असलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, त्याने गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहायला मदत होते. आपण टोचतो ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मात्र चुकवायचं नाही.

बाळाला पुसताना त्याचे पंजे तेवढे पुसू नकोस. त्यावर गर्भजलाचा वास असतो, आणि आईच्या स्तनाग्राभोवतीचा वास त्याच्याशी जुळतो. मग शांतपणे बघ. बाळ आधी निपचित पडतं, डोळे उघडतं, मूठ चोखतं, थांबतं, पायाने आईच्या पोटाला रेटा देतं, पुन्हा थांबतं. घाई असणाऱ्याला वाटतं, हे काही करत नाहीये, आपणच तोंडात देऊ. देऊ नकोस. पाऊण तास, कधी तासभरही जातो, आणि बऱ्याचदा ते आपलं आपण पोचतं.

त्याच वेळी आईची बोटंही बघ. रीवा रूबिन नावाच्या अमेरिकन परिचारिकेने 1963 मध्ये आईच्या स्पर्शावर निबंध लिहिला. आई बाळाला एकदम कवेत घेत नाही, हे तिने नोंदवलं. आधी बोटांची टोकं लागतात, हातापायांना, केसांना. मग तळहात पाठीवर टेकतो. सगळ्यात शेवटी सबंध बाहूत घेणं. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. एका बोटाने पायाची करंगळी चाचपून बघणारी बाई आपल्याला बावरलेली वाटते आणि आपण म्हणतो, ‘अगं, घे ना नीट!’ तसं म्हणू नकोस. ती ओळख करून घेत असते. परिचारिकेने परिचारिकेच्या नजरेने टिपलेली ही गोष्ट मला फार जवळची वाटते. तूही अशी नजर ठेव.

दोन ठिकाणी हट्ट धरायचा नाही. बाळ श्वास घेत नसेल तर पहिलं मिनिट ॲम्बू बॅगचं. आणि छातीवर बाळ आहे म्हणून पाठ फिरवून जायचं नाही. नाक-तोंड मोकळं, मान सरळ, रंग गुलाबी, हे सारखं बघत राहायचं. आई गुंगीत असेल तर दुप्पट लक्ष.

सिझर झालेल्या आणि बाळ एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, गेलेल्या बायका मात्र मनाला फार लावून घेतात. क्लाउस-केनेल यांच्या आई-बाळाच्या नात्यावरच्या पुस्तकानंतर पहिल्या काही तासांतच नातं जुळतं, नाहीतर राहून जातं, असा समज पसरला. पुढच्या संशोधनाने तो इतका कडक ठेवला नाही. माया नंतरही लागते, दिवसांनी, आठवड्यांनी लागते. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांग. जन्मल्या क्षणी प्रेमाचं भरतं आलं नाही म्हणून कित्येक चांगल्या आया स्वतःला दोषी मानतात. आठवड्यांनंतरही उदासी गेली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवायला सांग.

कमी वजनाच्या बाळाला आईपासून दूर ठेवणंच सुरक्षित, हेही आता जुनं झालं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास इनक्युबेटरच्या पेट्या अपुऱ्या पडायच्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आयांच्या छातीला बांधली. तीच कांगारू पद्धत. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक ते 1.8 किलोच्या आतली बाळं प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता लगेच आईच्या अंगावर दिली, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. त्यासाठी आईची खाट बाळाच्या कक्षातच ठेवावी लागली. तुमच्याकडे जागा नाही म्हणतील. निदान खुर्ची मागून घे, आणि आईला ताप किंवा दुखणं असेल तेव्हा बाबाला किंवा आजीला बसव.

पहिल्या महिन्यात कुणाशी वाद घालू नकोस. फक्त तुझ्या पाळीतल्या प्रत्येक बाळंतपणात बाळ आईच्या अंगावर किती मिनिटांनी गेलं आणि किती वेळ राहिलं, ते वहीत लिहून ठेव. ती वही घेऊन इन्चार्ज सिस्टरांकडे जा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
आत्या