पूर येण्याआधीची यादी

पावसाळ्यात कोल्हापुरात एकच प्रश्न कानावर येतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं?" तिथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. मधले हे चार फूट म्हणजेच स्वयंसेवकांची खरी वेळ!

पूर आला की मदतीला सगळेच धावतात. पण आधी ठरलेलं नसेल तर एकाच घरी तिघे पोहोचतात आणि पलीकडच्या गल्लीतली आजी राहून जाते. म्हणून कामाची वाटणी आधीच हवी. एक गट आजारी माणसं, गरोदर बाया, तान्ही बाळं आणि जनावरं यांची यादी करतो. दुसरा पाण्यावर लक्ष ठेवतो. तिसरा निवाऱ्याची सोय बघतो. माहिती मात्र एकाकडेच जमा होते आणि तोच १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाशी बोलतो. यादीतल्यांना ३९ फुटांनाच हलवायचं, ४३ ची वाट बघायची नाही.

उशीर झाला की नावेत गर्दी होते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला अशीच गच्च भरलेली नाव उलटली आणि माणसं गेली.

शिक्षकांनो, पालकांनो, या आठवड्यात मुलांकडून आपल्या गल्लीची यादी करून घ्या. आधी कुणाला हलवायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.