वंगणाविना पत्र्याची घडण : सिरॅमिकचे साचे

नवापूरच्या बाजारात मिळणारा स्टेनलेस स्टीलचा पेला मुळात एक सपाट, गोल चकती असतो. प्रेसमध्ये डायच्या तोंडावर ही चकती ठेवतात, तिची कड दाबून धरतात आणि पंच तिला डायच्या पोकळीत ओढत नेतो. या क्रियेस खोल ओढाई म्हणतात. ओढाईत पत्रा डायच्या गोलसर ओठावरून जबर दाबाखाली घसरतो, आणि सारी अडचण तेथेच आहे.

स्टेनलेस स्टील या कामी मोठे हट्टी. त्यावरील क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर घर्षणाने फाटला की उघडा पडलेला धातू डायच्या पोलादास चिकटतो आणि चिकटलेले कण पुढील प्रत्येक भांड्यावर ओरखडे उमटवितात. म्हणून वंगण लावावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास ही अडचण पडत नाही, कारण हातोड्याचा घाव क्षणिक असतो. पत्रा हत्यारावरून लांबवर घसरत नाही.

वंगणाचे काम क्षणाचे, ते काढून टाकण्याचे मात्र लांबलचक. जड ओढाईच्या तेलात क्लोरीनयुक्त पॅराफिन मिसळण्याची पद्धत जगभर रूढ झाली. त्यांतील आखूड साखळीची पॅराफिने २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या वर्ज्य रसायनांच्या यादीत आली. तेल धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन मानवात कर्करोग घडविते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये काढला. नवापूर रंगावलीच्या काठी वसले आहे आणि रंगावली तापीस मिळते. अशा ठिकाणी पत्राकामाचा कारखाना उभा राहावयाचा असेल, तर धुण्याच्या पाण्याचा प्रश्न एकट्या कारखानदाराचा राहत नाही.

यावर एक उपाय म्हणजे डायचा पदार्थच बदलणे. झिर्कोनिया, सिलिकॉन नायट्राइड, सिलिकॉन कार्बाइड ही सिरॅमिक द्रव्ये आपल्या कपबशीचीच दूरची भावंडे. मात्र त्यांचे काठिण्य पोलादी डायहून बरेच अधिक असते. डायच्या पोलादाचे काठिण्य सुमारे ७०० ते ८०० विकर्स, तर सिलिकॉन नायट्राइडचे सुमारे १५००. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या अणूंची बांधणी धातूंपेक्षा निराळी असल्याने पोलादी पत्रा त्यांना सहजासहजी चिकटत नाही. जपानमधील काताओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध धातूंच्या पत्र्यांची सिरॅमिक साधनांनी कोरडी खोल ओढाई करून घर्षणाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. सिरॅमिक दाब उत्तम सोसते, ताण व धक्का सोसत नाही. यास्तव संपूर्ण डाय सिरॅमिकची न करता ओठापुरते कडे बसवितात. बाहेरील पोलादी कडे तापवून त्यावर चढवितात. ते निवताना आकसते आणि सिरॅमिकला सदैव दाबात धरून ठेवते. पंच केसभर तिरका बसला तरी कडे तडकू शकते. त्याची घासणी हिऱ्याच्या चाकानेच होते, त्यामुळे खर्च वाढतो. शिवाय तेल उष्णताही वाहून नेत असते. झिर्कोनियातून उष्णता फारच मंद जाते, तेव्हा जलद चालणाऱ्या प्रेसवर सिलिकॉन कार्बाइड अधिक सोयीचे.

लहान कारखान्याने आरंभ उथळ ताटलीपासून करावा, उंच पेल्यापासून नव्हे. धुणे सर्वस्वी टळेल असेही नाही. भांड्यास झिलई देताना लावलेला मेणचट मसाला काढावा लागतोच. त्या पाण्यात ओढाईचे तेल मात्र नसेल.