कॅमेरा घेण्याआधी

नाशिक

चि. सोनूस,


नोकरी सोडून स्वतंत्रपणे बातम्यांचं काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मिररलेस घेऊ की कॅमकॉर्डर, असं तू विचारलं आहेस. मिररलेसचं चित्र देखणं येतं. लग्नाच्या आणि जाहिरातीच्या कामाला तो उत्तम. पण बातमीला रीटेक नसतो. लेन्स बदलेपर्यंत मंत्री गाडीत बसून निघून गेलेला असतो. तू एकटीनं काम करणार, म्हणून कॅमकॉर्डरच घे.

कॅमेरा हातात घेतलास की आधी आवाजाची सोय बघ. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव चालू असतात, ट्रॅक्टरची घरघर असते, बोली पुकारली जात असते आणि त्या गलक्यात एखादा शेतकरी पडलेल्या भावाबद्दल पोटतिडकीनं बोलत असतो. चित्र जरा हललं तर वाहिनीचं डेस्क चालवून घेईल. शेतकऱ्याचं बोलणं ऐकू आलं नाही, तर बाइट वाया गेला. म्हणून माइक जोडायला दोन एक्सएलआर इनपुट हवेतच. एका ट्रॅकवर त्याच्या तोंडाजवळचा माइक, दुसऱ्यावर कॅमेऱ्यावरचा. आवाजाची पातळी बदलायचे नॉब बाहेर, बोटाखाली असावेत. मेनूत शोधायला वेळ मिळत नाही. आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नकोस.

मग झूम आणि प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर. वारीतल्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा तू गर्दीच्या कडेला असतेस. आत शिरता येत नाही, शिरूही नये; म्हणून झूम लांबचा हवा. कॅमकॉर्डरांपैकी सोनीच्या झेड-190 ला 25 पट ऑप्टिकल झूम आहे, पॅनासॉनिकच्या सीएक्स-350 ला 20 पट. मात्र पॅनासॉनिकचा सेन्सर एक इंचाचा आहे, सोनीचे तीन सेन्सर त्याहून बरेच लहान. रात्रीच्या अपघाताला, अंधाऱ्या सभेला हा फरक जाणवतो. तुझं काम दिवसाचं जास्त की रात्रीचं, त्यावर ठरव. दोन्हींत एनडी आतच आहे. भर दुपारी शटर 1/50 वर ठेवायचं तर एनडीवाचून चित्र पांढरं पडतं. आणि शटर 1/50 च का, तर आपली वीज 50 हर्ट्झची. 1/60 ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकू लागतात. परदेशातून आणलेला कॅमेरा कुणी स्वस्तात देऊ केला, तर तो 50 वर चालतो का, हे आधी बघ.

फोर-के च्या मोहात पडू नकोस. एचडी 50 मेगाबिटनं रेकॉर्ड केलं तरी तासाला सुमारे 22 जीबी होतं. तीन मिनिटांचं कच्चं फुटेज एक जीबीच्या वर जातं. तालुक्याच्या गावातून, मोबाइलच्या नेटवर ते वेळेत पोचवायचं आहे. बुलेटिन संपल्यावर पोचलेली व्हिज्युअल्स कितीही सुंदर असली तरी कुणी लावत नाही.

आता पैशांचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. सगळी पुंजी बॉडीत घालू नकोस. चांगला माइक, भक्कम ट्रायपॉड, दोन जादा बॅटऱ्या आणि पावसाचं कव्हर यांचे पैसे आधी बाजूला काढ. उरलेल्यात नवा कॅमेरा बसत नसेल तर जुना घे. पण किती तास वापरलाय हे मेनूत तपास, दोन्ही एक्सएलआरला माइक लावून ऐक, झूम टोकापासून टोकापर्यंत फिरव. त्याआधी तोच कॅमेरा भाड्यानं घेऊन एक पूर्ण दिवस खांद्यावर वागव.

हप्त्यावर मात्र घेऊ नकोस. स्ट्रिंगरला, म्हणजे तुझ्यासारख्या स्वतंत्र बातमीदाराला, पैसे स्टोरीमागे मिळतात, तेही उशिरा. हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. डोक्यावर कर्ज असलं की पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शूटिंगही बातमी म्हणून पाठवावं लागतं. तू स्वतंत्र व्हायला निघाली आहेस. नको त्या कामाला नाही म्हणता येईल, एवढ्याच किमतीचा कॅमेरा घे.

तुझा,
मामा