दार वाजवण्यापासून सुरुवात

माझ्याकडे अस्रच्या नमाजनंतर मुलं कुरआन शिकायला येतात. मुलं आत गेली की एखादी आई उंबऱ्याशीच घुटमळते, ओढणी सारखी करते आणि हळूच म्हणते, "आपा, पोरगी मोठी झाली, जरा समजवा." काय समजवायचं ते तिच्या तोंडून निघत नाही. पोरगा मोठा झाला, त्याला समजवा, असं म्हणणारी आई मला क्वचितच भेटली. सूरा नूरमध्ये मात्र नजर खाली ठेवण्याचा आणि इफ्फत (शील) जपण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. बायकांना तोच हुकूम त्यानंतर, एकतिसाव्या आयतीत. म्हणून पुढचं सगळं मुलगा आणि मुलगी दोघांसाठी लिहिते आहे.

इफ्फतचा हा धडा एका बैठकीत देता येत नाही. नववीतल्या मुलीला एकदम समोर बसवून जिना (लग्नाबाहेरचा शरीरसंबंध) हराम आहे असं बजावणं म्हणजे लावणी न करता विळा घेऊन शेतात उतरणं. सुरुवात चार-पाच वर्षांच्या वयात होते. पुढे दिलेली वयं अंदाजाची आहेत, आपलं मूल बघून पुढेमागे करा.

आधी घरात एवढी तयारी हवी: न्हाणीघराच्या दाराला आतून नीट लागणारी कडी, मुलांसाठी वेगवेगळी अंथरुणं, सगळ्यांचे मोबाइल रात्री चार्जिंगला लावायची बैठकीतली एक जागा, आणि रोज पंधरा मिनिटं, ज्यात आई किंवा बाबा मुलाजवळ नुसते बसतील.

पहिली पायरी: दार वाजवणं (वय ४ ते ७)

सूरा नूरच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) आधी, दुपारी कपडे सैल करून पडतो तेव्हा, आणि इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) नंतर. या वेळी लहान मुलांनीसुद्धा परवानगी घेऊनच खोलीत यावं. मूल बालिग झालं, वयात आलं की ही परवानगी प्रत्येक वेळी घ्यायची, ते पुढच्या आयतीत आहे. हयेचं (लज्जेचं) शिक्षण कुठून सुरू करायचं याचा इतका सोपा नकाशा समोर असताना आपण तो वापरत नाही.

मुलाला आयत सांगत बसू नका, खेळ करा. दार तीनदा वाजवायचं, सलाम करायचा, आतून "ये" आलं तरच आत जायचं, नाही तर परत फिरायचं. पंधरा दिवस रोज करून घ्या. माझा धाकटा या नादात स्वयंपाकघराच्या पडद्यालाही टिचक्या मारून "अस्सलामु अलैकुम, येऊ का?" विचारायचा, आणि भाकरी थापता थापता मी दर वेळी "ये" म्हणायची. कारण याचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे असतो. मुलगी आत कपडे बदलत असेल तर तिच्या बाबांनीही दार वाजवायचं. आपल्या दारालाही मान आहे हे मुलाला कळलं की दुसऱ्याच्या दाराचा मान वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरी पायरी: सतर आणि "नाही" (याच वयात)

शरीराचा झाकायचा भाग म्हणजे सतर, हे आंघोळ घालताना सांगा. ते गलिच्छ आहे म्हणून झाकायचं, असं सांगू नका. ती अमानत आहे, जपायची वस्तू आहे, म्हणून झाकायची. मग नियम सांगा: तिथे कुणी हात लावायचा नाही, कुणी बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. आजारपणात डॉक्टरांनी तपासायचं, तेही आई किंवा बाबा जवळ असताना. "कुणी" म्हणजे कोण ते नाती घेऊन सांगा: मामू, चाचा, खालूजान, चुलतभाऊ, शेजारी, शिकवायला येणारे उस्ताद. ही नावं घेताना आपली जीभ अडखळते, पण पैगंबरांनी (स.) सासरच्या पुरुष नातेवाइकांबाबत किती कडक शब्दांत सावध केलं आहे ते आठवा. घरात सहज येणाऱ्याजाणाऱ्यांचा धोका त्यांनी ओळखला होता.

कुणी तसं केलं तर "नाही" म्हणून ओरडायचं, दाराकडे पळायचं आणि आईला सांगायचं. तो म्हणाला कुणाला सांगू नकोस, तरी सांगायचं. हे महिन्यातून एकदा पुन्हा विचारून पक्कं करा. आणि मोठ्यांना मिठी मारायची, पापा द्यायचा अशी सक्ती मुलांवर करू नका. ईदच्या दिवशी पाहुण्याच्या मांडीवर बसायला नाही म्हणणाऱ्या मुलीला आपणच दटावलं, तर ती खरी गरज पडेल तेव्हा नाही कसं म्हणेल?

तिसरी पायरी: अंथरुणं वेगळी (वय ७ ते १०)

सातव्या वर्षी नमाज, दहाव्या वर्षी अंथरुणं वेगळी, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नमाजचा भाग पाळतो, अंथरुणाचा विसरतो. खोली एकच असली तरी चादर, पांघरूण आणि उशी वेगळी करता येते. शाफई असो वा हनफी, यात काही मतभेद नाही.

चौथी पायरी: बालिग होण्याआधी सांगा (वय ९ ते १२)

आधी, नंतर नाही. पाळी आल्यावर शाळेच्या स्वच्छतागृहात रडत बसलेली मुलगी आपल्याला आजार झाला असं समजत असेल, तर तिची हया आपण जपली नाही, तिला एकटं पाडलं. पाळी म्हणजे काय, कापड किंवा पॅड कसं वापरायचं, त्या दिवसांत नमाज माफ आणि रोजे नंतर भरून द्यायचे, शेवटी गुस्ल (शुद्धीची आंघोळ) कसं करायचं, हे आईनं हातात पॅड घेऊन दाखवावं. मुलाला एहतलाम (झोपेतलं स्खलन) काय असतं, त्यात गुनाह नाही, पण गुस्ल फर्ज होतं, हे बाबांनी सांगावं.

असं बोलणं हयेच्या विरुद्ध नाही का, असं मला आया विचारतात. उम्मे सुलैम (र.) यांनी असाच प्रश्न, बाईला एहतलाम झालं तर तिनंही गुस्ल करायचं का, पैगंबरांना (स.) समोर विचारला होता, आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं. हजरत आयशा (र.) तर अन्सारच्या बायकांचं कौतुक करायच्या, की दीन समजून घेताना त्यांना लाज आडवी आली नाही.

आमच्या कोकणात पुष्कळ घरांतले बाबा आखातात असतात. माझे मालक चौदा वर्षं कुवेतला होते. थोरल्याला अकरावं लागलं तेव्हा मी फोनवर म्हटलं, हे काम तुमचं आहे, व्हिडिओ कॉलवर उरकू नका. सुट्टीवर आले तेव्हा ते त्याला घेऊन खाडीवर गरवायला गेले. दोघं शेजारी शेजारी, दोघांची नजर दोरीवर. समोरासमोर बसून जे बोलता आलं नसतं ते तिथे दोन तासांत बोलून झालं. मासे फारसे मिळाले नाहीत, पण पोरगा घरी आला तो मान वर करून. ज्या घरात बाबा जवळ नाहीत तिथे मामू, नाना किंवा विश्वासाचा मोठा भाऊ हे काम करू शकतो. कुणीच नसेल तर आईनं करावं, पण पोराला मित्रांच्या मोबाइलवर सोडू नये.

पाचवी पायरी: "का नाही?" (वय १२ ते १६)

इथे वेळ द्या, कारण सगळी मेहनत इथेच फळते किंवा वाया जाते. "हराम आहे म्हणून" हे उत्तर खरं असलं तरी चौदा वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही. पैगंबरांकडे (स.) एका तरुणानं येऊन चक्क जिनाची परवानगी मागितली होती. आजूबाजूचे त्याच्यावर धावले. पैगंबरांनी (स.) त्याला जवळ बोलावून बसवलं आणि विचारलं, तुझ्या आईबाबत कुणी असं केलेलं तुला चालेल का? मुलीबाबत? बहिणीबाबत? फूफीबाबत, खालाबाबत? तो दर वेळी नाही म्हणत गेला. मग त्यांनी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. ही हकीकत मुसनद अहमदमध्ये आहे. मुलाला ही गोष्ट सांगा आणि क्रमाकडे लक्ष द्यायला लावा: जवळ घेणं, प्रश्न, दुआ. झिडकारलं ते भोवतालच्या माणसांनी.

दुसरी गोष्ट हजरत यूसुफ (अ.) यांची. ती मुलींना सांगतात त्याहून जास्त मुलांना सांगा. परक्या मुलखातला देखणा तरुण, बंद दारं, आणि समोर मालकीण. त्यांनी तिथे थांबून वाद घातला नाही, ते दाराकडे धावले. कुर्ता फाटला तो मागून, आणि त्यांची सचोटी त्यावरूनच उघड झाली. मकतबात मी मुलांना विचारते, आजच्या काळात दार कोणतं? मुलं काय काय सांगतात: गच्चीवरून खाली येणं, ग्रुप सोडणं, मोबाइल उलटा ठेवून अंगणात जाणं. ही उत्तरं त्यांची त्यांनाच सुचू द्या.

एक चूक टाळा. एखादी मुलगी आवडणं, एखाद्या मुलाकडे मन ओढलं जाणं, हेच घाण आहे असं शिकवू नका. मन अल्लाहनं दिलं आहे. मनात येणं आणि पाऊल टाकणं यात फरक आहे, आणि मनाई जिनाच्या जवळ जाण्याची आहे: एकान्त, लपूनछपून भेटणं, रात्रीचं गोड बोलणं. मद्यनच्या विहिरीवर हजरत मूसा (अ.) दोन अनोळखी मुलींशी बोलले, त्यांच्या मेंढ्यांना पाणी पाजलं आणि सावलीत जाऊन बसले. नंतर त्यांतली एक त्यांना बोलवायला आली, तिच्या चालण्यातली हया कुरआननं नमूद केली आहे. कामापुरतं, उजेडात, अदबीनं बोलता येतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे उदाहरण हवं असतं, नाही तर ती एक तर घाबरून राहतात किंवा सगळंच सोडून देतात.

मुलाला कायदाही सांगा. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीची संमती कायदा संमती धरत नाही. सतराव्या वर्षी केलेल्या चुकीपायी पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा) खटला उभा राहू शकतो.

सहावी पायरी: मोबाइल

इथे मी स्वतः चुकले, ते सांगते. मुलगी नववीत असताना रात्री अकराला तिच्या मोबाइलवर वर्गातल्या मुलाचा मेसेज आला: "जेवलीस का?" एवढाच. मी मोबाइल हिसकावला, रात्रभर प्रश्न विचारले आणि सकाळी माझ्या बहिणीला फोन करून रडले. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातल्या चार घरांत कळलं. मुलीनं पुढचे कित्येक महिने मला काहीही सांगितलं नाही, परीक्षेचे गुणसुद्धा नाहीत. सूरा नूर शिकवणारी बाई मी. पाक बाईवर बोट दाखवून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके, ही आयत त्याच सूरेत आहे, आणि मी माझ्याच मुलीचं नाव फोनवर उधळलं होतं.

आता मी आयांना सांगते ते असं. मोबाइल द्यायच्या दिवशीच नियम सांगा, पकडल्यावर नाही. इशानंतर सगळ्यांचे मोबाइल बैठकीतल्या जागेवर, आईबाबांचेही. असा मेसेज आला तर काय उत्तर द्यायचं तेही मुलांबरोबर ठरवा: "अभ्यासाचं काही असेल तर ग्रुपवर विचार." अंगावरचे कपडे बाजूला केलेला फोटो कुणालाही, लग्न ठरलेल्या मुलालाही, पाठवायचा नाही. आणि घाणेरडे व्हिडिओ मुलाच्या नजरेला पडतीलच असं धरून चाला. पडले तर तोंड फिरवायचं, बंद करायचं आणि येऊन सांगायचं. सांगायला आला तर ओरडू नका.

सातवी पायरी: निकाहचं बोलणं (वय १६ नंतर)

हलालची वाट दिसली तर हरामपासून दूर राहणं सोपं जातं. ज्यांना निकाह झेपत नाही त्या तरुणांना पैगंबरांनी (स.) रोजे ठेवायला सांगितलं आहे. सोमवार-गुरुवारचे रोजे मुलाबरोबर आपणही ठेवावेत. पण भीतीपोटी शिक्षण अर्धवट सोडवून मुलीला उजवणं हा यावरचा इलाज नाही. कायद्यानं मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि मुलीच्या होकाराशिवाय बापानं लावलेला निकाह पैगंबरांनी (स.) रद्द केला होता. तेव्हा मुलांना सांगून ठेवा: कुणी मनात भरलं तर आधी आम्हाला सांग, आम्ही माणसं पाठवून विचारू. आणि खरंच सांगितलं तर जात-बिरादरी, गावाचं नाव, हॉलचं भाडं मध्ये आणू नका. साधा निकाह, झेपेल तेवढा मेहेर, छोटा वलीमा.

आठवी पायरी: चूक झाली तर

एखाद्या रात्री मूल दार वाजवेल. आत घ्या, पाणी द्या, पूर्ण ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

आधी एक गोष्ट ओळखा: हे त्यानं केलं, की त्याच्यावर झालं? जबरदस्ती झालेल्या मुलावर गुनाह नाही, तौबा त्यानं करायची नसते. तिथे इज्जत झाकत बसू नका. १०९८ वर मुलांची हेल्पलाइन आहे, पोलिसांत जा, डॉक्टरकडे न्या. अत्याचार माहीत असून न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० वर फोन करा. मुलं कधी कधी जीव द्यायला निघतात ती घरात कळेल या भीतीनं. घरात कळलं आहे आणि घर आपल्या बाजूला आहे, हे त्या रात्रीच त्याला कळू द्या.

आणि चूक त्याचीच असेल तर तौबा तीन गोष्टींची: थांबणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय. ती अल्लाहसमोर करायची, खालासमोर किंवा चाचीसमोर नाही. पैगंबरांनी (स.) झाकलेली चूक चव्हाट्यावर आणण्यापासून रोखलं आहे, आणि दुसऱ्याचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्लाह झाकेल असं सांगितलं आहे. ती व्यक्ती, तो नंबर, ती गच्ची सुटायलाच हवी, त्यात ढील नको. पण मुलाला नापाक म्हणू नका, मुलीला "आता तुझं कसं होणार" म्हणू नका. भावाला एक माप आणि बहिणीला दुसरं लावू नका.

रात्री उशिरा झोपला असलात तरी सकाळी फजरला त्याला नेहमीच्याच आवाजात हाक मारा.