घराच्या भिंतीपासून झुडपे किती अंतरावर लावावीत?

१९५० साली वनमहोत्सव सुरू झाल्यापासून दर पावसाळ्यात गावोगाव रोपे वाटली जातात. खड्डा किती खोल घ्यावा, त्यात शेणखत किती घालावे, हे रोप देताना सांगितले जाते. ते घराच्या भिंतीपासून किती दूर लावावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रोप वीतभर उंचीचे असते. पाणी घालण्यास सोयीचे म्हणून ते भिंतीच्या कडेला लावले जाते, आणि पाच-सहा वर्षांनी घरमालकापुढे दोनच मार्ग उरतात : झाड तोडणे किंवा भिंत दुरुस्त करीत राहणे. बारामती तालुक्यातील सुपे व आसपासच्या जिरायती गावांत उन्हाळ्यात हंडा-हंडा पाणी घालून झाड जगवावे लागते. असे झाड पुढे तोडावे लागणे हे मोठेच नुकसान होय. म्हणून अंतराचा विचार खड्डा घेण्यापूर्वीच झाला पाहिजे.

भिंतीच्या पायथ्याशी झुडपांची रांग लावण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. तेथे घराचा उघडा दिसणारा पाया झाकणे हा तिचा एक हेतू असतो. आपल्याकडे जोते झाकावयाचे नसते. ओट्यावर माणसे बसतात, भिंत सारवावी किंवा रंगवावी लागते, पावसाळ्यापूर्वी तिच्या भेगा बुजवाव्या लागतात. त्यासाठी माणसाला भिंतीलगत उभे राहता आले पाहिजे.

अंतर कसे काढावे

सोपा हिशेब असा की, झाडाच्या पूर्ण वाढीच्या वेळी जो विस्तार होतो त्याचा निम्मा भाग घ्यावा व त्यात तीन फूट मिळवावेत. हे तीन फूट माणसाच्या वावरासाठी व मोकळ्या हवेसाठी होत. मोगऱ्याचा विस्तार चार फूट धरल्यास तो भिंतीपासून पाच फुटांवर लावावा. जास्वंद व तगर छाटणी न केल्यास सहा फूट पसरतात. त्यांना सहा फूट अंतर हवे. कण्हेर आठ फूट पसरते, तिला सात फूट द्यावेत. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्यामुळे ती गोठ्याजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी लावूच नये, मग अंतर कितीही असो.

फळझाडांचा विस्तार शेतकऱ्याला वेगळा शोधावा लागत नाही. बागेत दोन झाडांमध्ये जे अंतर ठेवण्याची शिफारस असते, तोच त्या झाडाचा विस्तार समजावा. कागदी लिंबाची लागवड ६ × ६ मीटरवर करतात. त्याचे निम्मे तीन मीटर, अधिक एक मीटर, म्हणजे लिंबू भिंतीपासून चार मीटरवर हवे. डाळिंबाच्या ओळींत साडेचार मीटर अंतर असते. त्यासाठी सव्वातीन मीटर पुरतात. शेवग्याला मात्र हा हिशेब लावू नये. त्याचे लाकूड ठिसूळ असते व वळवाच्या वाऱ्यात फांद्या कडाकड मोडतात. पत्र्याच्या किंवा कौलारू छपरावर फांदी पोहोचणार नाही अशा बेताने तो दूर लावावा व दर वर्षी छाटावा.

गावठाणात एवढी जागा कोठून आणावयाची, असा प्रश्न विचारला जाईल. जागा कमी असेल तर अंतर कमी करू नये, झाड लहान निवडावे. चार फुटांच्या बोळात तुळस, कोरफड किंवा गवती चहा लावावा. लिंबाचा हट्ट धरू नये.

वळचणीचे पाणी

सुपे परिसर अवर्षणप्रवण विभागात मोडतो. पाऊस थोडा व तोही बेभरवशाचा. पुष्कळदा त्याचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. पण जेव्हा पडतो तेव्हा छपरावरून किती पाणी येते, याची कल्पना करून पाहावी. छपराची एक उतरती बाजू वीस फूट लांब व दहा फूट रुंद असेल, तर २५ मिलिमीटर पावसात तीवरून सुमारे ४६० लिटर पाणी खाली येते, आणि ते सर्व पागोळ्यांच्या एकाच रेषेत पडते. त्या रेषेत लावलेल्या रोपाची मुळे उघडी पडतात. रेषेच्या आत, म्हणजे वळचणीखाली लावलेल्या रोपाला तर पाऊस लागतच नाही. भर पावसाळ्यात त्याला घरातून पाणी घालावे लागते व ते पाणी जोत्यात मुरते. मातीच्या भिंतीला अशी ओल चढली की तीत लोणा धरतो व खालच्या हातभर भागाची माती गळू लागते. म्हणून झुडूप पागोळ्यांच्या रेषेच्या बाहेरच असावे आणि त्याचे आळे घराच्या उलट बाजूस उतरते करावे. न्हाणीचे पाणी झाडांना देणे योग्यच आहे. मात्र ते चराने दूर न्यावे, न्हाणीच्या भिंतीशी केळीचा खुंट लावून तेथेच मुरवू नये. केळीचे मुनवे आपोआप भिंतीकडे सरकत येतात.

भिंतीलगतची पट्टी मोकळी ठेवण्याची आणखी दोन कारणे आहेत. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करीत भिंतीवर चढते. मोकळ्या भिंतीवर त्या नळ्या लगेच दिसतात, झुडपामागे दिसत नाहीत, आणि वाळवी तुळईला लागेपर्यंत कोणास पत्ता लागत नाही. दुसरे कारण सापांचे. दाट झुडूप व त्याखालचा पाचोळा घोणस, फुरसे यांना दडण्यास सोयीचा असतो. उन्हाळ्यात घरची माणसे ओट्यावर किंवा अंगणात झोपतात, हे ध्यानात ठेवावे.

मुरमाड आणि काळी जमीन

वर दिलेली अंतरे सुप्याकडील हलक्या, मुरमाड जमिनीस लागू आहेत. तेथे हात-दीड हातावर मुरूम लागतो, घराचा पाया त्यावर टेकलेला असतो, आणि मुरूम ओला झाला म्हणून फुगत नाही. नीरा डाव्या कालव्याखालील बारामती-इंदापूरच्या भारी काळ्या जमिनीत गोष्ट निराळी आहे. ही जमीन पाण्याने फुगते व वाळली की आकसते. घराशेजारचे मोठे झाड मुळांनी ओल शोषून घेते, पायाच्या एका कोपऱ्याखालची माती इतर ठिकाणापेक्षा अधिक आकसते, तो कोपरा खचतो व भिंतीला तिरपा तडा जातो. इंग्लंडात १९७६ च्या दुष्काळात चिकणमातीवर बांधलेल्या पुष्कळ घरांना असेच तडे गेले. मुळे पाया फोडून आत शिरतात, असा सर्वसाधारण समज आहे. काळ्या जमिनीत त्यापेक्षा मातीचे हे फुगणे-आकसणेच अधिक घातक ठरते. अशा जमिनीत लहान झुडपांना वरील हिशेब चालेल, परंतु कडुलिंब, चिंच, आंबा यांसारखी झाडे त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकी तरी दूर असावीत.

जमीन ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत घराभोवती बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर ती फुगणारी जमीन समजावी.

काळ्या जमिनीत घराजवळ जुने मोठे झाड असेल, तर ते घाईने तोडू नये. झाड गेल्यावर वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती पुन्हा ओल धरते, फुगते व पाया उचलला जातो. एक-दोन वर्षे फांद्या विरळ करून झाडाची पाण्याची गरज हळूहळू कमी करावी व भिंतीकडे लक्ष ठेवावे. चिंच, आंबा अशा काही जातींची झाडे तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीही लागते. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप मात्र दिसताक्षणी मुळासकट काढावे. नुसते कापल्यास ते पुन्हा फुटते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे सारे सांगण्यापेक्षा करून दाखवावे. रोप जेथे लावावयाचे तेथे खुंटी ठोकावी, झाडाच्या निम्म्या विस्ताराएवढी सुतळी तिला बांधून राखेने वर्तुळ आखावे. वर्तुळाच्या कडेपासून भिंतीपर्यंत डोक्यावर हंडा घेतलेली बाई मोकळेपणी चालू शकते काय, हे घरच्या बाईलाच चालवून पाहावे. अडचण झाली तर खुंटी उपटून मागे सरकविण्यास खर्च येत नाही. हे काम मे महिन्यात उरकावे, म्हणजे खड्डे उन्हाने तापून मृगापूर्वी भरता येतात.