खोक्याच्या मागची बारीक अक्षरे

चि. बाळ यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परागज्वर, म्हणजे ज्याला तिकडे अमेरिकेत हे फीवर म्हणतात तो विकार, नावाप्रमाणे ज्वरही नव्हे आणि वाळल्या गवताशीही त्याचा फारसा संबंध नाही. हवेतल्या परागकणांना शरीराने शत्रू मानल्यामुळे शिंका, नाकातून पाणी आणि डोळ्यांची खाज असा त्रास त्यात सुरू होतो. ओहायोत ऑगस्टच्या मध्यापासून कडक हिमतुषार पडेपर्यंत रॅगवीड नावाचे तण फुलते, आणि ते पुण्यातल्या गाजरगवताच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले असल्यामुळे, ज्या मुलाचे डोळे लहानपणी कालव्याकाठच्या मैदानावरून आल्यावर सुजत असत त्याला तिथेही त्रास व्हावा यात नवल नाही. काळजी त्रासाची नाही, उपायाची आहे. दिवसा ‘डी’ अक्षराची गोळी, संध्याकाळी सर्दीचे गरम पेय, रात्री झोपेची गोळी आणि मधल्या वेळी कॉफी असा क्रम आठवडाभर चालला असून मध्यरात्री प्रयोगशाळेतून चिरंजीव स्वतः मोटार चालवत घरी येतात, असे त्याच्या ताईने कळवले. त्याआधीच रविवारी फोनच्या पडद्यावर त्याच्या हातातल्या मगमधला चहा हिंदकळताना आत्याने पाहिला होता. तेव्हापासून मनात एकच प्रश्न आहे, की त्या खोक्यांच्या मागची बारीक अक्षरे त्याने वाचली आहेत काय.

‘डी’ची गोळी ही एक नव्हे, दोन औषधे आहेत. त्यातले पहिले हिस्टामिनरोधक, जे शिंका आणि खाज उत्पन्न करणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याला पेशींवर बसू देत नाही. दुसरे स्यूडोएफेड्रिन, जे नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसून चोंदलेले नाक मोकळे करते, परंतु पोटात घेतलेले औषध नाकापुरते थांबत नसल्यामुळे ते इतर रक्तवाहिन्याही आवळते, रक्तदाब व नाडी वाढवते, झोप उडवते आणि हात थरथरवते. बारा तासांच्या गोळीत ते 120 मिलिग्रॅम आणि चोवीस तासांच्या गोळीत 240 मिलिग्रॅम असते व हळूहळू सुटते, म्हणून ती मोडू किंवा चावू नये. झोपेच्या गोळीत बहुधा डायफेनहायड्रामिन, म्हणजे पुन्हा हिस्टामिनरोधकच, असते, आणि त्याची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळू शकते. सर्दीच्या पेयात पॅरासिटामॉल (तिकडे त्याला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात) आणि पुष्कळदा फेनिलएफ्रिन हे आणखी एक नाक मोकळे करणारे द्रव्य असते, जे तोंडावाटे घेतल्यास परिणामकारक नसल्याचे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये एकमताने दिले. नावे तीन, खोकी तीन, आणि आत त्याच त्या जातीची द्रव्ये. हे वाचल्याशिवाय कळणार कसे?

औषधविक्रेता ओळखपत्र पाहून गोळी देतो, म्हणून ती तपासून दिली असा समज करून घेणे ही शुद्ध चूक आहे. ती नोंद 2005च्या अमेरिकी कायद्याने आली, कारण स्यूडोएफेड्रिनपासून मेथाम्फेटामिन हा मादक पदार्थ करता येतो. घेणाऱ्याचा रक्तदाब किती, हे त्या नोंदवहीत कोणी लिहीत नाही. ज्याच्या वडिलांना चौतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली, त्या मुलाने तरी हे विसरावे, याचा राग येतो.

परंतु रागावण्याचा अधिकार आत्याला कितपत आहे, हा प्रश्न उरतोच. आप्पा आजोबांची लघवी अडून त्यांना मध्यरात्री रिक्षाने रुग्णालयात न्यावे लागले, ती रात्र घरात सर्वांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी त्यांच्या शिंका ऐकून सर्दीची गोळी आणि पाण्याचा पेला कोणी पुढे केला, हे मात्र आजवर कोणाला सांगितलेले नाही. अशा मिश्रणातला एक घटक मूत्राशयाचे आकुंचन मंद करतो, दुसरा त्याचे मुख आवळतो, आणि वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या माणसाला ते घातक ठरू शकते, हे त्याच वर्षी औषधनिर्माणशास्त्राच्या परीक्षेत पानभर लिहून आलेली मुलगी घरी पाकीट न वाचता गोळी फोडून देते, याला काय म्हणावे? आप्पांनी दुसऱ्या दिवशी नळी लावलेल्या अवस्थेत तिला निकाल कधी लागणार ते विचारले, बाकी काही विचारले नाही.

तेव्हा तिन्ही खोकी एका ओळीत मांडून त्यांच्या मागचे घटक वाचावेत, झोपेची गोळी व पेय बंद करावे, आणि विद्यापीठाच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून ‘डी’ची गोळी घ्यावी की नाही ते तिथेच विचारावे, तोवर फ्लुटिकासोनचा नाकातला फवारा, ज्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, तो नेमाने घ्यावा. नाक लगेच मोकळे करणारे दुसरे फवारे तीन दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण नंतर नाक त्यांच्यामुळेच चोंदते. मध्यरात्री मित्राला सोडायला सांगावे. त्यात कमीपणा काही नाही.

गणपतीत आईने पाठवलेले पंचखाद्य पोचले असेलच, त्यातला खोबऱ्याचा वास नाक बंद असल्यामुळे आला नसेल, एवढेच वाईट वाटते. रविवारी फोन करावा, औषधांचा हिशेब द्यायचा नाही. बोलता बोलता शिंका आल्या तर आवरूही नयेत. पहाटे ओसरीवर आप्पांना शिंका सुरू झाल्या की मांडीवरचे बाळ बोटांवर मोजत असे आणि सातच्या पुढे अडत असे, तसे आता इकडून आत्या मोजील.