गावाचा पाणलोट आराखडा आणि स्वयंसेवी तज्ज्ञांचे साहाय्य

उजाड झालेल्या शिवाराचे पुनरुज्जीवन करावयाचे म्हणजे केवळ बांध घालणे व चर खोदणे नव्हे. कोणते काम कोठे, कोणत्या क्रमाने व कोणाच्या संमतीने करावयाचे हे आधी ठरले पाहिजे. याकरिता जे तांत्रिक ज्ञान लागते ते प्रत्येक गावात असतेच असे नाही. परंतु निवृत्त अभियंते, भूशास्त्राचे प्राध्यापक, कृषी पदवीधर, भूमापनाचे जाणकार अशी कित्येक माणसे आपले ज्ञान विनामोबदला देण्यास सिद्ध असतात. त्यांचे साहाय्य कसे घ्यावे आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार या लेखात केला आहे.

१. तज्ज्ञांचे काम व गावाचे काम

स्वयंसेवी तज्ज्ञ हा गावाचा पाहुणा असतो. तो चार-आठ दिवस येईल आणि आपल्या उद्योगास परत जाईल. बांध मात्र गावातच राहावयाचा असतो. यास्तव तज्ज्ञाने मोजमाप, खडकाची पारख, रचनेचे स्थान व खर्चाचा अंदाज सांगावा. कोणाच्या जमिनीतून चर जाईल, पाणी कोणास किती मिळेल, गुरे कोठे चरतील, हे निर्णय ग्रामसभेचे आहेत. हे निर्णय बाहेरच्या माणसाने केले तर पहिल्याच पावसाळ्यात बांध फोडला जातो, आणि फोडणाऱ्यास गावात कोणी दोषही देत नाही.

तसेच हेही ध्यानात ठेवावे की, तज्ज्ञाने काढलेला नकाशा ही शासकीय तांत्रिक मंजुरी नव्हे. नाल्यावरील बंधारा किंवा पाझर तलाव बांधावयाचा असल्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेतलीच पाहिजे.

२. तज्ज्ञ येण्यापूर्वीची तयारी

तज्ज्ञाचा वेळ मोलाचा असतो. तो कागद शोधण्यात जाऊ नये म्हणून पुढील गोष्टी आधी तयार ठेवाव्यात :

(अ) गावनकाशा व गट क्रमांकांची यादी.
(आ) सर्व विहिरी व विंधन विहिरींची नोंद : खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, त्यावर भिजणारे क्षेत्र.
(इ) जवळच्या पर्जन्यमापकावरील मागील दहा वर्षांचा पाऊस.
(ई) पूर्वी झालेल्या कामांची यादी व त्यांची आजची स्थिती.
(उ) माणसे व जनावरे यांची संख्या.

त्यानंतर शिवारफेरी काढावी. ही फेरी माथ्यापासून सुरू करून पायथ्याशी संपवावी, कारण पाणीही त्याच वाटेने जाते. फेरीत केवळ बागाईतदार नकोत. मेंढपाळ, भूमिहीन मजूर आणि पाणी भरणाऱ्या स्त्रिया अवश्य असाव्यात. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो हे नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

३. माथा ते पायथा

पाणलोटाचे काम वरून खाली करावे. माथ्यावरील उघड्या उतारावर सलग समतल चर, त्याखाली शेतीत बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध आणि सर्वांत शेवटी नाल्यावर बंधारा, असा क्रम ठेवावा. खालचा बंधारा आधी बांधला तर वरची माती वाहून येऊन तो थोड्याच वर्षांत गाळाने भरतो.

समतल रेषा आखण्यास लाकडी ए-फ्रेम किंवा पाण्याच्या नळीचे पातळी-यंत्र पुरेसे होते. तज्ज्ञाने स्वतः रेषा आखून देण्यापेक्षा गावातील पाच-सात तरुण-तरुणींना आखणी शिकवावी. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. म्हणजे १,००० मीटर चर एकदा भरला की १ लाख ८० हजार लिटर पाणी अडते. रेषा तिरकी गेली, तर हेच पाणी एका टोकास जमून चर फुटतो व उतारावर नवी घळ पडते.

खडकाची पारख हे तज्ज्ञाचे खास क्षेत्र होय. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात कोठे पाणी धरणारा मुरूम, तर कोठे पाणी न जिरणारा अखंड खडक असतो. नाला सरसकट खोल केला आणि मुरुमाचा थर कापला गेला, तर शेजारच्या विहिरींचे पाणी उलट नाल्यात उतरते. अखंड खडकापर्यंत खोदले, तर साठलेले पाणी न जिरता उन्हाने उडून जाते. म्हणून भूशास्त्र जाणणाऱ्यास थर दाखविल्यावाचून नाल्यात यंत्र उतरवू नये.

४. पाण्याचा ताळेबंद

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी पडते. ८०० हेक्टरांच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४० लाख घनमीटर पाणी पडले. यातील पुष्कळसे वाफ होऊन, पिकांत व वाहून जाते. जिरते ते थोडे.

आता खर्च पाहू. दीड हजार लोकांस दररोज दरडोई ५५ लिटर धरल्यास वर्षास सुमारे ३० हजार घनमीटर पाणी लागते. ६०० मोठ्या जनावरांस प्रत्येकी ६० लिटर धरल्यास सुमारे १३ हजार घनमीटर लागते. दोन्ही मिळून ४३ हजार घनमीटर झाले. एक हेक्टर उसास पाटाने पाणी देताना वर्षाकाठी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे सव्वादोन हेक्टर ऊस संपूर्ण गावाचे व गुरांचे वर्षाचे पाणी पितो. रब्बी ज्वारीस पाच सेंटिमीटरची एक संरक्षक पाळी द्यावयाची तर हेक्टरी ५०० घनमीटर पुरतात. तेव्हा एका हेक्टर उसाच्या पाण्यात ४० हेक्टर ज्वारीस एकेक पाळी देता येते. हा हिशेब तज्ज्ञाने चावडीवर फळ्यावर मांडून दाखवावा. आकडे डोळ्यांपुढे आले म्हणजे चर्चेस निराळे वळण लागते.

५. अनुभवाचे धडे

पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेऊन पाणलोटाचे काम केले. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम अभ्यासण्याजोगे आहेत : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरास व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांस, भूमिहीनांसही हक्क, उसास बंदी, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. अभियंत्याने बंधारा बांधला यापेक्षा वाटपाचा प्रश्न गावापुढे ठेवला, हे त्याचे मोठे काम होय.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर श्रमदान, चराईबंदी व वृक्षतोडबंदी यांबरोबरच शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी करण्यात आली. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत पडली. पाऊस कमी झाला तर पिके त्याप्रमाणे बदलतात.

पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत स्पर्धा घेतली. तीत आधी ग्रामस्थांस प्रशिक्षण व नंतर श्रमदान असा क्रम होता. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावास पहिले पारितोषिक मिळाले. तंत्र आधी गावकऱ्यांच्या हाती देऊन मग कुदळ उचलावी, हा यातील बोध आहे.

६. सर्वांत अवघड प्रश्न

माथ्यावरच्या शेतकऱ्याची जमीन चरात व बांधात जाते. पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीस लागते. चराईबंदीचा भार शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनावर पडतो. गवताचा लाभ दुसऱ्यास होतो. या विषमतेचा उलगडा न करता केलेला आराखडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी टिकत नाही. म्हणून वरच्या शेतकऱ्यास फळझाडे किंवा विहिरीत वाटा, भूमिहीनास गवत कापून नेण्याचा पहिला हक्क व कामावर प्रथम मजुरी, अशा गोष्टी आरंभीच ठरवून ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासने पाणी येताच विसरली जातात.

७. ग्राम कार्यकर्त्यांसाठी सूचना

(१) आराखडा मराठीत, नकाशासह लिहून घ्यावा व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा.
(२) प्रत्येक रचनेच्या देखभालीची जबाबदारी नावानिशी ठरवावी.
(३) ठराविक विहिरींतील पाण्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजून नोंदवावी. या नोंदींवाचून काम यशस्वी झाले की नाही हे कळत नाही.
(४) चराच्या भरावावर गवताचे बी पेरावे व झाडे लावावीत.
(५) पहिल्या पावसानंतर तज्ज्ञास पुन्हा बोलावून कामे दाखवावीत. दोष त्या वेळी उघड दिसतात व अल्प खर्चात दुरुस्त होतात.

उत्तम तज्ज्ञ तोच, की ज्याच्या जाण्यानंतर गावास त्याची उणीव भासत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान विहिरींची नोंद व पाण्याचा ताळेबंद एवढे तरी प्रत्येक गावाने पुरे करावे. यास पैसा लागत नाही. वही, दोरी आणि एकत्र बसण्याची तयारी एवढेच लागते.